अलगद धरलेलं झिरीम

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, प्लॅस्टर नसलेल्या पायाला.

आयुष्यभर लोकांना गाडी शिकवलीस, गाडीला कधी ओरखडा आला नाही, आणि पाय मोडलास तो स्टुलावरून पडून. तेही माळ्यावरची बॅग काढताना, जी काकांनी सकाळीच काढून ठेवली होती. हे बाबांनी सांगितलं. हसत हसत सांगितलं, पण मी हसलो हे तिला सांगू नको म्हणाले.

सोबत एक खोका पाठवतोय. तो काकांना उघडू दे, तू कात्री घेऊन एका पायावर उड्या मारू नकोस. आत एक यंत्र आहे, ते टीव्हीला जोडायचं. कंट्रोलर दोन आहेत, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. आमच्या कंपनीत असा नियम आहे की नवीन गेम बाजारात जायच्या आधी तो जन्मात गेम न खेळलेल्या माणसाच्या हातात द्यायचा. अशा माणसाला आम्ही घरचा परीक्षक म्हणतो. प्रत्येकाने आपल्या घरातलं एक माणूस द्यायचं असतं. मी तुझं नाव दिलं. घरात बसून तू काकांना गाडीसारखं चालवत असशील, त्यातून त्यांचीही सुटका होईल.

नियम कडक आहेत. यंत्र इंटरनेटला जोडायचं नाही. फोनवर गेमबद्दल अवाक्षर काढायचं नाही. जे वाटेल ते हाताने कागदावर लिहून पोस्टाने पाठवायचं. आणि तुझी-माझी दोघांची पत्रं आमच्या चाचणी विभागातल्या बाई आधी वाचणार, कारण मी तुला हळूच काहीतरी सांगून टाकेन याची त्यांना खात्री आहे. (नमस्कार, बाई.)

गेमचं नाव 'लांब पल्ला'. चार भाग येऊन गेले, हा पाचवा आणि शेवटचा. यात तू एका अवकाशगाडीची चालक आहेस. ग्रहांवर उतरायचं आणि झिरीम गोळा करायचं. झिरीम म्हणजे कुठून आलं ते कोणालाच माहीत नसलेलं एक परकं मूलद्रव्य. दिसायला खडा, पण आत उजेड. तो खडा फोडला की त्याची ऊर्जा गाडीच्या टाकीत जाते. चार भाग लोकांनी हेच केलं, फोडा आणि भरा. पाचव्या भागात झिरीम माझ्याकडे सोपवलं गेलं. ते कसं चमकेल, कसं वागेल, हातात धरल्यावर कसं वाटेल, हे ठरवण्यात माझी चार वर्षं गेली आहेत.

झिरीममध्ये मी एक गोष्ट ठेवली आहे. ती काय, हे मला सांगता येत नाही. आजवर ऑफिसातल्या कोणालाही ती आपली आपण सापडलेली नाही. साहेब म्हणतात, जे कोणाला सापडत नाही ते नसल्यात जमा. काढून टाक, झिरीम आपलं साधं पेट्रोल राहू दे. मार्चअखेरीस बैठक आहे. तोपर्यंत एका तरी घरच्या परीक्षकाला ती गोष्ट न सांगता सापडली, तर ती राहील. नाहीतर माझी चार वर्षं पाण्यात.

तुझ्यावर दडपण आणत नाहीये. (आणतोय.)

तुझा
भोपळ्या


११ फेब्रुवारी

चि. भोपळ्या,
अनेक आशीर्वाद. तुझ्या बापाला सांग, हसल्याची नोंद घेतली आहे.

खोका मिळाला. काकांनी तो उघडला, वायरी जोडल्या, टीव्हीवर चित्र आणलं आणि आपण फार मोठी मोहीम फत्ते केली अशा थाटात आडवे झाले.

आता तो कंट्रोलर. हा माणसाच्या हातासाठी केलाय की खेकड्याच्या? पुढे अंगठ्यांनी फिरवायच्या दोन चकत्या, मागे बोटांनी दाबायची दोन बटणं, आणि मधे अशी बटणं की त्यांचं काय करायचं ते त्यांनाही माहीत नसावं. मी डावीकडे बघायला गेले की माझी चालक बाई गोल गोल फिरून खड्ड्यात पडायची. करमणूक माझी व्हायची होती, ती काकांचीच झाली. डोळ्यांना रुमाल लावून हसत होते.

मग मी माझी सोय करून घेतली. काय ते विचारू नकोस. शिकवणाऱ्याने आपण स्वतः कसे शिकलो हे चारचौघांत सांगायचं नसतं, आणि तुझ्या बाई वाचतायत. पण आता झकास जमतंय.

गाडी चांगली आहे, पण आरसे नाहीत. मागून उल्का आली तर दिसणार कशी? इंडिकेटरही नाहीत. हॉर्न आहे, पण अवकाशात तो कोणाला ऐकू जाणार? तरी मी वळणावर वाजवते, आपलं कर्तव्य आपण करावं. बाकीचे चालक बुडाला आग लागल्यासारखे पळतात. त्यातला एक मागून आला आणि माझ्यावर गोळ्या झाडायला लागला. मी गाडी कडेला घेऊन त्याला बाजू दिली. बाजू मिळायची त्याला सवय नसावी. तो थोडा वेळ तिथेच घुटमळला आणि निघून गेला.

झिरीम छान आहे. रंग छान आहे. फोडलं, भरलं.

प्लॅस्टरच्या आत खाज सुटते आणि ती जिथे सुटते तिथे विणकामाची सुई पोचत नाही. असो.

तुझी
आत्या


१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
नमस्कार.

तुझं पत्र आमच्या खोलीत मोठ्याने वाचलं गेलं. बाजू दिल्याचा प्रसंग ऐकून गोळ्या झाडणारे चालक बनवणारा माझा सहकारी कपाळाला हात लावून बसला. त्याच्या चालकांना भांडण येतं, पळणं येतं. कोणी वाट करून दिली तर काय करायचं, हे त्याने त्यांना शिकवलंच नव्हतं.

पण आत्या, आरशांवर तू अर्धं पान लिहिलंस आणि झिरीमवर एक ओळ. मला एवढंच विचारायचंय की झिरीमजवळ गेल्यावर तू

[येथील दोन ओळी खोडल्या आहेत. — चाचणी विभाग]

बरं. मग असं विचारतो, की फोडायच्या आधी

[येथील एक ओळ खोडली आहे. — चाचणी विभाग]

तिकडे हवा कशी आहे?

[हवेबद्दल विचारण्यास हरकत नाही. — चाचणी विभाग]

तुझा
भोपळ्या


२८ फेब्रुवारी

चि. भोपळ्या,
आशीर्वाद. आणि खोडणाऱ्या बाईंना नमस्कार. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलला तुमच्यासारखी एक व्यक्ती हवी होती.

हवा बरी आहे. पाय दुखायचा थांबलाय, आता नुसता कंटाळा येतो.

मी अजून पहिल्याच ग्रहावर आहे. इतर परीक्षक कुठल्या कुठे पोचले असतील, पण मला इथे आवडलंय. घाई कसली? जांभळी जमीन आहे, लांबवर टेकड्या आहेत, रहदारी नाही. मी सकाळचा चहा झाला की बसते आणि काका जेवायला हाक मारतात तेव्हा उठते. ते ताट वाढून हाक मारतात, मी म्हणते आले आले, आणि मग ते ताटावर झाकण ठेवतात. इतकी वर्षं हे उलटं चालायचं.

झिरीमबद्दल काय लिहू? फोडलं. टाकी भरली. झिरीमचं दुसरं काय करणार माणूस? ज्या कामासाठी आहे ते करावं आणि मोकळं व्हावं. त्याबद्दल सारखं सारखं विचारू नकोस.

गाडीत मागच्या बाजूला जागा फार कमी ठेवली आहे. पुढच्या वेळी मोठी कर.

एक विचारायचं होतं. समजा एखाद्या परीक्षकाच्या हातून गेम बिघडला, तर ज्याने त्याचं नाव दिलं त्याला ऑफिसात बोलणी बसतात का? मी आपलं असंच विचारतेय.

तुझी
आत्या


९ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार.

नाही, बोलणी बसत नाहीत. तू निर्धास्त खेळ.

सगळ्या घरच्या परीक्षकांचे अहवाल आले. कोणाचे वडील, कोणाची सासू, कोणाचा गच्चीत कबुतरं पाळणारा भाऊ. सगळ्यांनी झिरीम फोडलं आणि टाकी भरली. एकानेही वेगळं काही लिहिलेलं नाही. तुझ्यावर माझी शेवटची भिस्त होती. का ते माहीत नाही. लहानपणी तू मला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला द्यायचीस, तेव्हापासून मला वाटत आलंय की जे कोणाला दिसत नाही ते तुला दिसतं. पण तूही फोडलंस आणि मोकळी झालीस. तुझा काही दोष नाही. जे तुलाही सापडलं नाही ते बहुतेक सापडण्यासारखं नव्हतंच.

साहेबांना मी अजून एकदा भेटलो. त्यांचं म्हणणं चूक आहे असंही म्हणता येत नाही. ते म्हणाले, समज ती गोष्ट कोणाला सापडली, तरी पुढे काय? झिरीम फोडलं नाही तर टाकी रिकामी. मग गाडी चालणार कशावर? न फोडणाऱ्या माणसाला तू वाटेत अडकवून ठेवणार का? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

हे सगळं मी लिहितोय आणि बाईंनी खोडलं तर खोडू दे. सव्वीस तारखेला बैठक आहे. ती झाली की नोकरी सोडावी असं मनात आहे. फोनवरचे छोटे गेम बनवणारी एक कंपनी आहे. रंगीत फळं एका ओळीत आली की फुटतात. त्यात कोणाला काही सापडायचा प्रश्नच नाही.

काकांच्या ताटावरचं झाकण काढून वेळेवर जेवत जा.

तुझा
भोपळ्या


१२ मार्च

भोपळ्या,

आशीर्वाद वगैरे नंतर. आधी मला तुझ्यासमोर कान धरू दे.

मी खोटं लिहिलं. दोनदा 'फोडलं' लिहिलं आणि फोडलं नाही. बाई, तुम्हीही वाचा, आणि यात याची काही चूक नाही.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ पोराला मी पहिल्या दिवशी बजावते, चुकलं तर बोला, गप्प बसाल तर कोणाला तरी ठोकाल. आणि माझी वेळ आली तेव्हा मीच मूग गिळून बसले. कारण काय, तर तू माझं नाव दिलंस, आणि तुझी आत्या ठोंबी निघाली असं तुझ्या ऑफिसात व्हायला नको. आता माझ्यामुळे तू नोकरी सोडून फळं फोडायला निघालास, तर मला बोललंच पाहिजे.

झालं असं. माझ्या बोटांना अक्कल नाही, हे पहिल्या दिवशीच कळलं. पण डाव्या पायाला आहे, तो क्लचचा पाय. आणि नशिबाने तोच धड आहे. तुम्ही कंट्रोलर दिलेत दोन. एक हातात घेतला, चकत्या फिरवायला. दुसरा काकांच्या बुटांच्या खोक्यात चिंध्या कोंबून उभा बसवला, मागची बटणं वर येतील असा, आणि खोका खुर्चीसमोर जमिनीवर ठेवला. बटणं पायाच्या अंगठ्याखाली. काका म्हणाले, हे असं नसतं गं. मी म्हटलं, तुम्हाला लायसन्स कोणी मिळवून दिलं?

आता क्लच कसा दाबतात ते तुला माहीत आहे. आपटायचा नाही. हळूच दाबायचा, हळूच सोडायचा, आणि मधे एका जागी गाडी थरथरते तिथे पाय धरून ठेवायचा. हाफ क्लच. ती जागा ज्याला सापडली त्याला गाडी आली. तुझ्या त्या खडा फोडायच्या बटणातही मधे तशीच एक थरथर येते. तिथे पाय आपोआप थांबला, मी मुद्दाम काही केलं नाही. आणि झिरीम फुटलंच नाही. जास्तच उजळलं, जमिनीतून सुटलं आणि माझ्या चालक बाईच्या खांद्याशी येऊन तरंगायला लागलं. मी पुढे गेले की तेही पुढे. मी थांबले की तेही थांबतं.

मला वाटलं, झालं, बिघडवला मी गेम. दुसऱ्या खड्याकडे गेले, तिथेही तेच. तिसराही मागे लागला. म्हटलं आता पूर्ण दाबून बघू. दाबलं, आणि एक फुटलं. रे भोपळ्या, ते फुटलं तेव्हा बाकीची सगळी माझ्या पाठीमागे जाऊन लपली. एकाचाही उजेड दिसेना. मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले, मग हळूहळू एकेक बाहेर आलं. तेव्हापासून पाय पूर्ण दाबायला धजत नाही. फोडायचं म्हणून जाते आणि अजून एक घेऊन येते. आता गाडीत मागे पाय ठेवायला जागा नाही. काकांनी त्यातल्या दोघांना नावं दिली आहेत, ती मी इथे लिहिणार नाही.

टाकी ठणठणीत रिकामी आहे. गाडी एका चढाच्या पायथ्याशी बंद पडली आहे. वर ग्रहाची कड आहे आणि गाडी तिथूनच उडते म्हणे. म्हणूनच मी अजून पहिल्या ग्रहावर. मला इथे आवडलंय, ही थाप.

तेव्हा तुझी ती गोष्ट मला सापडली नाही यात नवल काय? मी गेमच बिघडवून बसले, त्यात ती कुठेतरी दबून गेली असेल. दुसरं चांगलं यंत्र कोणाला तरी पाठव, अजून दिवस आहेत. मी साहेबांशी बोलू का? मला बोलता येतं.

तुझी
ठोंबी आत्या


१५ मार्च

ती. बाईंस,
सादर नमस्कार.

मी चाचणी विभागाची प्रमुख. आपल्या भाच्याला लिहिलेलं आपलं बारा तारखेचं पत्र मी वाचलं. ते त्याला अजून दिलेलं नाही.

आपण दोन अहवालांत खोटं लिहिलं. नियमाप्रमाणे खोटा अहवाल देणाऱ्याची चाचणी रद्द होते. परंतु नियमात असंही आहे, की विभागाच्या प्रमुखाने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट कोणत्याही अहवालाच्या वर धरावी. म्हणून मी स्वतः येत आहे. पडद्यावर जे घडेल आणि खोलीत जे बोललं जाईल ते रेकॉर्ड करण्याचं यंत्र सोबत आणीन.

मी येईपर्यंत आपलं यंत्र बंद करू नये. बुटांचा खोका जागचा हलवू नये. काहीही फोडू नये. आपण गेम बिघडवला आहे की नाही, ते मी ठरवीन.

कळावे.

ता. क. आरशांबद्दलची आपली तक्रार संबंधितांकडे पाठवली आहे.


२१ मार्च

चि. भोपळ्या,
अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद!

हे पत्र बाई स्वतः हातात घेऊन येतील. बारा तारखेचंही सोबत आहे, ते आधी वाच. वाचलंस? आता खुर्चीत बस. काल बाईंनी मला सांगितलं की मी जे बिघडवलं ते बिघडलेलं नाही, तीच तुझी गोष्ट आहे! अरे गाढवा, मग आधी सांगायचं नाही का? नाही, तुला सांगता येत नव्हतं. मग मला तरी कळायला नको होतं का? काका म्हणतात, घरात दोन गाढवं आहेत आणि दोघंही एकाच खानदानातली.

सगळं सांगते. बाई आल्या. मी कोणी उंच, करड्या बाई येतील अशी धास्ती घेतली होती. आली एक लहानखुरी, खांद्यावर स्वतःपेक्षा मोठी बॅग. चहा विचारला तर म्हणाल्या, चाचणी पूर्ण होईपर्यंत नाही. यंत्राला यंत्र जोडलं, वही उघडली आणि माझ्या पायाकडे बघत बसल्या. पहिल्यांदा गाडीची परीक्षा दिली तेव्हा फुटला नव्हता तेवढा घाम मला फुटला.

मी गाडीतून उतरले, एका नव्या खड्यापाशी गेले, पाय ठेवला, थरथर आली, धरला. झिरीम सुटून आलं. बाईंनी वहीत खूण केली. म्हणाल्या, पुन्हा. पुन्हा केलं. मग म्हणाल्या, मला करून बघायचं आहे. बूट-मोजे काढून बसल्या. आणि आपटला पाय! फुटलं. माझी सगळी झिरीमं पळाली ना लपायला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पाय आपटायचा नाही, बाई. ती काय माशी आहे? टाच जमिनीवर टेका. अंगठा नुसता ठेवा. दाबा… अजून… थरथरलं? तिथेच. आता श्वास सोडा, पाय सोडू नका." तीन फोडली त्यांनी. चौथं आलं. खांद्याशी आलं आणि तिथेच तरंगत राहिलं. त्या बाईंच्या तोंडून "अगं बाई!" निघालं रे, कोवळ्या पोरीसारखं. मग त्यांनी वहीत काहीतरी शिस्तीत लिहिलं.

पुढे त्या म्हणाल्या, आता कडेपर्यंत जायचं असेल तर यांतलं एक तरी फोडून टाकीत घालावं लागेल. मी म्हटलं, ते होणार नाही. त्या म्हणाल्या, मग तुमची चाचणी इथेच थांबते. मी म्हटलं, थांबू दे. आणि गाडीत जाऊन बसले. हँडब्रेक नाहीच तुमच्या गाडीला, ही आणखी एक तक्रार. त्या चढाकडे बघत बसले, काय करावं म्हणून. बसले असेन थोडा वेळ. तेवढ्यात मागची सगळी एकेक करून उतरली, गाडीच्या पाठीमागे गोळा झाली आणि लागली ढकलायला. गाडी हलली, चढ चढली, कडेला पोचली. तिथून उडाली की झोकात!

हे तू फार छान केलंस. गाडी बंद पडली की आत बसलेल्यांनी उतरून धक्का द्यावा, एवढं वळण हल्ली माणसांनाही नसतं. तू झिरीमला लावलंस. मला तुझा अभिमान वाटला, तो इथे लिहून ठेवते.

बाईंचं मात्र काहीतरी बिनसलं. वहीवरचा हात तसाच थांबला होता. मला विचारलं, हे असं होतं हे तुमच्या भाच्याने तुम्हाला सांगितलं होतं? मी म्हटलं, छे, तुम्हीच तर सगळं खोडता. मग त्या वही मिटून म्हणाल्या, आता चहा घेते. दोन कप घेतला.

बैठकीत ताठ बस. खाली बघून बोलू नकोस.

तुझी
आत्या


२७ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, दोन्ही पायांना. डाव्याला जरा जास्त.

झिरीम राहिलं. हे आधी लिहितो म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

बाईंनी मला तुझी दोन्ही पत्रं दिली, पण रेकॉर्डिंग आधी दाखवलं नाही. म्हणाल्या, सगळ्यांबरोबर बघ. त्यामुळे काल साहेब, बाकीचे सगळे आणि मी, एकदमच बघत होतो. तुझा पाय दिसत नव्हता, पडदा तेवढा दिसत होता, आणि मागून तुझा आवाज. "ती काय माशी आहे?" ला सगळी खोली हसली. बाई सोडून. त्या लाल झाल्या होत्या.

झिरीम खांद्याशी आलं तेव्हा साहेब म्हणाले, बरं, सापडलं. मला वाटलं, जिंकलो. मग ते म्हणाले, पण माझा दुसरा प्रश्न आहेच, आता हिची गाडी चालणार कशावर? आणि मला माहीत होतं की याचं उत्तर माझ्याकडे नाही. तू पत्रात ढकलण्याचं लिहिलं होतंस, ते मी वाचलं होतं, पण खरं सांगू? मला वाटलं तू गोष्ट रंगवून सांगतेयस. कारण आत्या, मी झिरीमला धक्का द्यायला कधीच शिकवलेलं नाही.

मी त्यांना फक्त दोन गोष्टी सांगितल्या होत्या. ज्याने तुम्हाला अलगद धरलं त्याच्याजवळ राहा. आणि तो जिकडे बघेल तिकडे निघा. बस. माझ्या डोक्यात एवढंच होतं की ती खेळणाऱ्याच्या सोबत चालतील. तू एकही फोडणार नाहीस, गाडी भरून झिरीम गोळा करशील, रिकाम्या टाकीने त्या चढासमोर बसशील आणि हट्टाने वर बघत राहशील, हे कोणी धरून चाललं होतं? आमच्यापैकी कोणीही त्या चढाकडे इतका वेळ नुसतं बघत बसलं नव्हतं. तू वर बघत होतीस म्हणून त्यांना वर जायचं होतं, आणि तुला सोडून जायचं नव्हतं. मधे गाडी होती. मग त्यांनी गाडीच पुढे घेतली.

पडद्यावर ती एकेक करून उतरली तेव्हा साहेब पुढे सरकून बसले. त्यांनी मला विचारलं, "हे तू केलंस?"

मी ताठ बसलो होतो, तू सांगितलंस तसा. म्हटलं, "नाही साहेब."

"मग कोणी केलं?"

मी म्हटलं, "त्यांनीच."

गाडी हलली तेव्हा गोळ्या झाडणाऱ्या चालकांचा सहकारी खुर्चीवरून उठला. मग आणखी दोघं उठले. चढाच्या मधे एकदा गाडी थोडी मागे आली आणि मागून तुझा आवाज आला, "या बाळांनो, या, जमतंय," आणि त्यांनी पुन्हा जोर लावला. आत्या, चार वर्षं मी त्यांना माझं झिरीम म्हणत आलो. आणि त्या क्षणी माझा त्यांच्याशी काही संबंधच नव्हता. मी न शिकवलेलं काम ती करत होती, तुझ्यासाठी, आणि मी तोंडावर हात धरून रडत होतो आणि हसतही होतो, सगळ्यांसमोर. मला जरासुद्धा लाज वाटली नाही.

गाडी कडेवर पोचली. साहेबांनी रेकॉर्डिंग थांबवायला सांगितलं नाही. उडून लहान होत होत ती दिसेनाशी झाली तरी आम्ही सगळे उभेच होतो, आणि आमच्यात सगळ्यात जोरात टाळ्या बाई वाजवत होत्या.

तुझा
भोपळ्या